जरा जवळ सरका

मराठी माणूस प्रवासाला निघाला की दोन वस्तू हटकून बरोबर घेतो. एक चिवड्याचा डबा आणि दुसरा कॅमेरा. चिवडा कर्जतच्या आत संपतो. कॅमेरा मात्र घरी परत येईपर्यंत पुरवून पुरवून वापरला जातो. आता हा कॅमेरा फोनच्या पोटात गेला आहे आणि पुरवून वापरण्याची गरज उरलेली नाही. चिवडा अजून डब्यातच आहे. पण कॅमेरा कुठलाही असो, फोटोची मांडणी ठरलेली. मागे ताजमहाल, पुढे आम्ही. मागे कांचनगंगा, पुढे आम्ही. मागचे बदलत जाते, पुढचे 'आम्ही' अढळ.

जमिनीवरच्या अशा मागच्या जागा संपत आल्या म्हणून की काय, हल्ली ही हौस समुद्राच्या तळाशी जाऊन पोचली आहे. पूर्वी मालवणला जाऊन किल्ला पाहिला, सोलकढी प्याली, खाजे बांधून घेतले की सहल पुरी होत असे. आता समुद्रात बुडी मारून आल्याशिवाय ती पुरी झाली असे कोणी मानत नाही. याला स्कूबा म्हणतात. पाठीवर हवेची टाकी, कमरेला शिशाची वजने, तोंडात रबराची नळी आणि नाकासकट अर्धा चेहरा झाकणारी काच. एवढा जामानिमा झाल्यावर "काका, काय भियाव नकात, मी आसंय!" असे म्हणून एक मालवणी तरुण आपल्याला मागून धरून पाण्याखाली घेऊन जातो, पंधरा-वीस मिनिटांनी सुखरूप वर आणतो आणि पुराव्यादाखल फोटो देतो.

हे फोटो मी बरेच पाहिले आहेत. सोसायटीत राहणाऱ्या माणसाला त्यातून सुटका नसते. पाहता पाहता काही गोष्टी ध्यानात आल्या. पहिली म्हणजे, त्या काचेमुळे सगळी माणसे एकाच घराण्यातली दिसतात. दुसरी म्हणजे, सगळी नीलवर्ण असतात. कुणालाही रामायणाच्या मालिकेत काम मिळावे अशी. तिसरी म्हणजे, मासा म्हणून जे दाखवतात ते खोबऱ्याच्या किसाएवढे असते.

"हा बघा मासा!"

"कुठला?"

"हा काय, यांच्या कानाशेजारी."

आपण "अरे वा!" म्हणतो. काचेवरचा डाग वाटला होता, हे सांगत नाही. एका वहिनींनी तर फोटोत उठून दिसावे म्हणून खास लालभडक पोशाख घेतला होता. फोटोत तो उकळून काळ्या पडलेल्या चहाच्या रंगाचा आला. दुकानदाराने कच्चा रंग गळ्यात मारला, असे त्यांचे ठाम मत आहे. आणि एका काकांनी पाण्याखाली कॅमेरा दिसताच 'झकास चाललंय' अशा अर्थाने अंगठा वर केला. पाण्याखालच्या भाषेत वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ 'मला वर घेऊन चला' असा होतो. बरोबरच्या तरुणाने त्यांना चौथ्या मिनिटाला होडीत आणून बसवले. काका खवळले, तर तो शांतपणे म्हणाला, "काका, तुमीच सांगलात वर चला म्हणान!"

यात दोष त्या तरुणाचा नाही, कॅमेऱ्याचा नाही आणि वहिनींच्या दुकानदाराचा तर मुळीच नाही. दोष पाण्याचा आहे. पाण्याचे हे स्वभावदोष समजून घ्यायला माणसाला शंभराहून जास्त वर्षे लागली. त्यात कुणाचा कॅमेरा बुडाला, कुणी अर्धा अर्धा तास तळाशी तिष्ठत उभे राहिले, कुणी भाजून निघाले. आज पाण्याखाली फोटो काढणाऱ्यांना जे चार उपदेश करतात, त्यातल्या प्रत्येकाची किंमत कोणीतरी आधी मोजून ठेवलेली आहे. म्हणून हा थोडासा इतिहास. घाबरू नका, सनावळ्या मोजक्याच आहेत आणि शेवटी परीक्षा नाही.

समुद्राखालचा पहिला फोटो काढला तो विल्यम टॉमसन नावाच्या इंग्रज गृहस्थाने, १८५६ साली. हा पाणबुड्या नव्हता, खलाशी नव्हता, फोटोग्राफरही नव्हता. तो वकील होता. सॉलिसिटर. गावाचे नाव वेमथ, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे. आपल्याकडे सत्तावनचा उठाव व्हायला अजून एक वर्ष होते. फोटो ही गोष्ट तेव्हा मुंबईलाही अगदी अपूर्वाईची राहिली नव्हती; मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ सालीच झाली होती. पण पाण्याच्या खाली कॅमेरा सोडावा हे कुणाच्या मनात आले नव्हते. टॉमसनच्या आले. पुलाचे खांब, धक्क्यांच्या भिंती पाण्याखाली कितपत शाबूत आहेत हे माणूस न बुडवता पाहता आले तर किती बरे, असा त्याचा हिशेब होता. वकिलाला शोभेसाच. जोखीम दुसऱ्यावर, म्हणजे इथे कॅमेऱ्यावर, टाकायची.

त्याने एक लाकडी पेटी केली. तिला पुढे काच लावली, आत कॅमेरा बसवला आणि होडीतून ती अठरा फुटांवर तळाशी सोडली. दोरी ओढून झाकण उघडायचे, दहा मिनिटे थांबायचे आणि पुन्हा दोरी ओढून ते मिटायचे. मग पेटी वर घेतली. पाहतात तो आत पाणी! पेटी गळत होती. खाऱ्या पाण्यात सचैल स्नान झालेली ती काच त्याने तरीही धुतली, आणि आश्चर्य म्हणजे तीवर अंधूक का होईना, तळाची वाळू आणि समुद्रशेवाळ उमटले होते. जगातल्या पहिल्या पाण्याखालच्या फोटोबरोबर जगातला पहिला पाण्याखाली गळलेला कॅमेराही जन्माला आला. ती परंपरा अजून अखंड चालू आहे.

कॅमेरा ज्या जलाभेद्य पेटीत ठेवतात तिचे सगळे दैव आजही एका रबरी कड्यावर अवलंबून असते. आता रबरी कडे ही काय चीज आहे, हे फोटोग्राफरपेक्षा आपल्या घरातल्या बायकांना जास्त चांगले ठाऊक आहे. प्रेशर कुकरची रिंग! तिच्यावर भाताचे एक शीत अडकले तर शिटी होत नाही, बाजूने नुसती वाफ जाते. पेटीच्या कड्यावर एक केस किंवा वाळूचा एक कण अडकला तरी तेच होते. फरक एवढाच की इथे आतले बाहेर न जाता बाहेरचे आत येते. तेव्हा ज्यांना पाण्याखाली कॅमेरा न्यायचा आहे त्यांनी तो बंद करण्याचे काम घरातल्या कुकर लावणाऱ्या व्यक्तीकडे द्यावे. कडे पुसावे, उजेडाकडे धरून निरखावे, आणि समुद्रात जाण्याआधी पेटी रिकामीच बादलीभर गोड्या पाण्यात बुडवून पाहावी. नव्या चपलांच्या खोक्यात त्या पांढऱ्या दाण्यांच्या पुड्या निघतात ना, त्यांतली एक आत टाकली तर काचेवर आतून वाफ धरत नाही. आणि वर आल्यावर पेटी पुन्हा गोड्या पाण्यात भिजत घालावी. मीठ वाळले की ते कड्याखाली जाऊन बसते आणि पुढच्या सहलीची वाट पाहते.

टॉमसनने पुढे हा नाद सोडला. मधे सदतीस वर्षे गेली. १८९३ साली फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, भूमध्य समुद्राच्या काठी, बान्यूल्स नावाच्या गावातल्या समुद्रशास्त्राच्या प्रयोगशाळेत लुई बूताँ नावाचे एक प्राध्यापक कामाला लागले. शंखशिंपल्यांतले प्राणी हा त्यांचा विषय. तांब्याचे शिरस्त्राण आणि जड बुटांचा तो जुना पाणबुड्याचा पोशाख चढवून, वरून पंपाने हवा पुरवली जात असताना, ते तळाशी जाऊन आले. तिथले देखावे पाहून थक्क झाले आणि वर आल्यावर कुणाला ते शब्दांत सांगता येईनात. मग ठरवले, फोटो काढायचा. त्यांचा भाऊ ओग्युस्त इंजिनिअर. त्याने पेटीचा आराखडा केला. पेटीला एक रबरी फुगा जोडलेला होता. खोल जावे तसा पाण्याचा दाब फुग्यावर येई, फुग्यातली हवा पेटीत शिरे आणि आतला-बाहेरचा दाब सारखा राही. भावाला भाऊ असावा तर असा.

पेटी इतकी जड की ती दोरखंडाने तळाशी सोडावी लागे. मग प्राध्यापक खाली जाऊन तिचे तोंड हव्या त्या दिशेला वळवत आणि उभे राहत. किती वेळ? चांगला अर्धा तास! पाण्याखाली उजेड तो काय, आणि तेव्हाच्या काचा सावकाश चालणाऱ्या. जुन्या स्टुडिओत फोटोग्राफर 'हलू नका' म्हणत असे, तेव्हा आपली दोन सेकंदांत तारांबळ उडत असे. इथे अर्धा तास. बरे, माणसाला 'हलू नका' म्हणता येते. माशाला कोण सांगणार? अर्ध्या तासात खडक तेवढे नीट येत. मासे येऊन जाऊन निघून गेले तरी काचेवर त्यांची नोंद नाही.

म्हणजे उजेड हवा. बूताँ यांनी पाण्याखाली दिवा न्यायचे ठरवले. हवा भरलेले एक भले मोठे पिंप, त्यावर काचेच्या घुमटात स्पिरिटचा दिवा, आणि रबरी फुगा दाबला की ज्योतीवर मॅग्नेशियमची पूड उडून लखकन प्रकाश! समुद्राच्या तळाशी पिंपावर दिवा लावणारा हा पहिलाच माणूस असावा. पुढे त्यांनी विजेचे दिवेही खाली नेले. १८९९ साली त्यांनी एमिल राकोवित्सा या रुमानियन शास्त्रज्ञाचा पाणबुड्याच्या पोशाखातला फोटो पाण्याखाली काढला. हे राकोवित्सा म्हणजे अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकून पडलेल्या 'बेल्जिका' जहाजावरच्या मोहिमेत होते, त्यामुळे गैरसोयीचे त्यांना विशेष वाटत नसावे. 'मागे समुद्र, पुढे आम्ही' या जातीच्या फोटोंचे मूळपुरुष हेच. पुढच्याच वर्षी बूताँ यांनी या विषयावर एक अख्खे पुस्तक लिहून काढले.

यानंतर आला एक अमेरिकन, जॉन विल्यमसन. त्याचा विचार आपल्या मध्यमवर्गीय वृत्तीला फार जवळचा होता: पाण्याखाली तर जायचे, पण भिजायचे नाही. त्याच्या वडिलांनी एक लवचीक लोखंडी नळी तयार केली होती. ती जहाजातून खाली सोडायची आणि तिच्या टोकाला मोठ्या काचेची एक खोली जोडायची. १९१४ साली बहामा बेटांजवळ त्या खोलीत कोरड्या कपड्यांनी बसून विल्यमसनने समुद्राखालचा चलच्चित्रपट घेतला, आणि १९१६ साली ज्यूल व्हर्नच्या पाणबुडीची गोष्टही त्याच युक्तीने पडद्यावर आणली. प्रेक्षक बेहद्द खूश. पण सगळे कसे काळे-पांढरे! समुद्राचा खरा डौल रंगांत, आणि रंगांचे नाव काढले की पाणी हात वर करते.

इथे वहिनींच्या पोशाखाचा उलगडा करून टाकू. उन्हात सगळे रंग असतात. पण पाणी हा प्रकार आपल्या चुंगीनाक्यासारखा आहे. आत येणाऱ्या मालातून काही ना काही काढून घेतल्याशिवाय पुढे सोडत नाही. आणि त्याला सगळ्यांत जास्त आवडतो तो लाल रंग. पाचेक मीटर खोल गेलात की लाल जवळजवळ जप्त झालेला असतो. मग नारिंगीची पाळी, मग पिवळ्याची. उरतो निळा आणि हिरवा. तळाशी जाऊन कुंकू लावले तर ते काजळासारखे दिसेल. वहिनींच्या पोशाखाला द्यायला तिथे लाल उजेडच शिल्लक नव्हता. पोशाख पक्का होता हो, ऊनच कच्चे निघाले!

आणि हा नाका नुसता वरून खाली येतानाच लागत नाही. माशावर पडलेला उजेड माशापासून कॅमेऱ्यापर्यंत येतो तेव्हाही पाणी पुन्हा हात मारते. म्हणजे मासा जितका लांब तितका तो अधिक निळा. यावर उपाय दोन: आपला दिवा बरोबर न्या, किंवा जवळ जा. खरे तर दोन्ही करा.

पहिला उपाय कसा अंगाशी येऊ शकतो हे १९२६ साली कळले. फ्लोरिडाच्या टोकाला ड्राय टॉर्टुगास नावाची बेटे आहेत. नावाचा अर्थ 'कोरडी कासवे'. कोरडी अशासाठी, की तिथे प्यायचे पाणी मिळत नाही. पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो निघाले ते या कोरड्या जागी. काढणारे दोघे: मत्स्यशास्त्रज्ञ विल्यम लाँगले आणि नॅशनल जिऑग्राफिक मासिकाचे फोटोग्राफर चार्ल्स मार्टिन. रंगीत फोटोसाठी तेव्हा ल्यूमिएर बंधूंच्या काचा वापरत. हे तेच ल्यूमिएर, ज्यांचा सिनेमा १८९६ साली मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आला होता. या काचांवर बटाट्याच्या पिठाचे रंगवलेले सूक्ष्म कण पसरलेले असत. होय, बटाट्याच्या! आपण बटाट्याचे वडे करून थांबलो, त्यांनी इंद्रधनुष्य केले.

पण या काचांना उजेड लागे रग्गड. म्हणून पाण्यावर एक तराफा सोडला. तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड. खाली कॅमेऱ्याची कळ दाबली की वर पुडीचा भडका उडायचा आणि त्या क्षणभराच्या उजेडात मासा रंगासकट पकडायचा. एका फोटोला पौंडभरापर्यंत पूड उडवत. अशा खेळात व्हायचे ते झाले. एकदा औंसभर पूड भलत्या वेळी पेटली आणि लाँगले चांगलेच भाजले. बरे होऊन ते पुन्हा कामाला लागले. १९२७ च्या जानेवारीच्या अंकात ते फोटो छापून आले. त्यांतला एक होता हॉगफिश नावाच्या माशाचा. डुकरासारखे लांब तोंड वाळूत खुपसून तो भक्ष्य शोधतो, म्हणून हे नाव. असा मासा, पण फोटो पाहून लोक हरखून गेले. तोवर मासा पाहायचा तो बाजारात, नाहीतर शास्त्रज्ञाच्या बरणीत. दोन्हीकडे मेलेला आणि रंग उडालेला. समुद्रातल्या घरी, स्वतःच्या रंगात असलेला मासा लोकांनी पहिल्यांदाच पाहिला.

पुढची गोष्ट भराभर सांगतो. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो हा नौदलाचा अधिकारी आणि एमिल गान्याँ हा इंजिनिअर यांनी पाठीवर टाकी घेऊन मोकळेपणी पोहण्याचे साधन तयार केले. लढाईमुळे पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी गॅसवर चालवण्यासाठी गान्याँने एक रेग्युलेटर बनवला होता, त्याचाच हा अवतार. शेगडीच्या गॅसला जसा रेग्युलेटर, तसाच हा माणसाला. हवी तेव्हा हवी तेवढी हवा देतो. वरच्या पंपाची नळी सुटली आणि माणूस माशासारखा मोकळा झाला.

तिकडे व्हिएन्नाचे हान्स हास पाण्याखालच्या फोटोंसाठी जगभर हिंडत होते. लोटे ही त्यांच्या कचेरीत सेक्रेटरी. मोहिमेवर बायकांचे काम नाही, असे तिला सांगण्यात आले. तिने वाद घातला नाही. साहेब दौऱ्यावर गेले असताना तिने डॅन्यूब नदीच्या पाण्यात उतरून स्वतः फोटो काढायला शिकून घेतले आणि ते दाखवले. १९५० साली ती तांबड्या समुद्राच्या मोहिमेवर गेली, आणि त्याच वर्षी हान्स हास यांच्याशी तिचे लग्न झाले. अर्ज-विनंत्यांपेक्षा नमुना दाखवणे केव्हाही चांगले.

उजेडाचा प्रश्न सोडवला अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक हॅरॉल्ड एजर्टन यांनी. विजेचा, क्षणार्धाच्याही अंशात चमकणारा फ्लॅश हे त्यांचे काम. १९५३ पासून ते कूस्तोंच्या 'कॅलिप्सो' जहाजावर जाऊ लागले आणि खलाशी त्यांना लाडाने 'पापा फ्लॅश' म्हणू लागले. आता भडका नाही, भाजणे नाही. पण नवी भानगड निघाली. फ्लॅश कॅमेऱ्याला चिकटून ठेवला की फोटोत बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके येत. पाण्यात तरंगणाऱ्या कणांवरून उजेड सरळ परत कॅमेऱ्यात येतो, त्याची ही करामत. खंडाळ्याच्या घाटात पावसाळ्यात धुक्यातून ज्यांनी गाडी नेली आहे त्यांना हे सांगायला नको. मोठे दिवे लावले की समोर पांढरी भिंत उभी राहते; दिवे खाली केले की रस्ता दिसतो. पाण्यातही तसेच. दिवा लांब दांडीवर, कॅमेऱ्यापासून बाजूला धरायचा. ज्यांच्याकडे चिमुकला कॅमेरा आहे आणि त्याचा फ्लॅश नाकासमोरच आहे, त्यांनी तो बंद ठेवावा हे उत्तम.

मग बेल्जियमच्या झाँ द वाउटर्सने कूस्तोंसाठी असा कॅमेरा काढला की ज्याला पेटीच नको; तो स्वतःच पाण्यात उतरायचा. फ्रान्समध्ये १९६० साली तो विकायला आला. जपानच्या निकॉन कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि १९६३ पासून तो 'निकोनॉस' नावाने जगभर गेला. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे, २००१ पर्यंत, हौशी आणि कसबी दोघांच्याही गळ्यात हाच. त्यात छत्तीस फोटोंचा रोळ. छत्तीस म्हणजे छत्तीस. सदतिसावा हवा असेल तर वर या, हात पुसा, नवा रोळ घाला. तळाशी असताना पस्तीस फोटो संपले की हमखास देवमाशासारखे काहीतरी समोरून जाई. त्यामुळे माणूस एक कळ दाबण्याआधी दहादा विचार करी.

आता तेही गेले. २००४ साली अमेरिकेत 'गोप्रो' नावाचा मुठीत मावणारा, पाण्यात चालणारा कॅमेरा निघाला. पहिला होता तोही रोळाचाच. पण थोड्याच वर्षांत रोळ गेला आणि हजारो फोटो काडेपेटीएवढ्या डबीत राहू लागले. पेटी गळणे, अर्धा तास थांबणे, भाजणे, छत्तिसाचा हिशेब सगळे मिटले. मिटला नाही तो एकच प्रश्न: मासा अजूनही खोबऱ्याच्या किसाएवढा का?

याचे उत्तर गावोगावच्या जुन्या फोटो स्टुडिओत मिळते. लग्नाचा ग्रुप फोटो काढताना तो काळ्या कापडातला माणूस काय म्हणत असे? "जरा जवळ सरका!" इथे सरकायचे माशाने नाही, आपण. पाण्याखालच्या फोटोग्राफीच्या सगळ्या इतिहासाचे सार या तीन शब्दांत आहे. पाण्यात वस्तू पाऊण अंतरावर असल्यासारखी वाटते आणि तिप्पट-चौपट नाही तरी तिसऱ्या हिश्शाने मोठी दिसते. म्हणजे मासा हातभर लांब आहे असे वाटले तर तो आणखी पलीकडे असतो. तेव्हा जवळ गेलो असे वाटले की अजून जवळ जा. मधले पाणी कमी करा. आपल्या किनाऱ्यावरचे पाणी लक्षद्वीप-अंदमानसारखे आरपार नसते, म्हणून आपल्याकडे तर हा नियम दुप्पट लागू.

पण जवळ जाणे म्हणजे मागे लागणे नव्हे. पाठलाग केलेल्या माशाचा फक्त शेपटीचा फोटो मिळतो. बूताँ यांच्यासारखे एका जागी स्वस्थ राहा. अर्धा तास नको, दोन मिनिटे पुरतील. मासे चौकस असतात, आपण होऊन बघायला येतात. आणि फोटो वरून काढू नका, माशाच्या बरोबरीने किंवा जरा खालून काढा. बहुतेक माशांची पाठ काळपट असते. वरून ती तळात मिसळून जाते. नाटकाला गॅलरीतून काढलेल्या फोटोत नुसती टकले येतात, तसे होते.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. जमिनीवर फोटो काढताना हात हलू नये म्हणून श्वास रोखतात. पाण्याखाली हे कदापि करायचे नाही. दहा मीटर खाली फुप्फुसात भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास रोखून वर आलात तर ती जागा ती फुप्फुस फाडून घेते. म्हणून फोटो हलला तर हलू द्या, श्वास चालू ठेवा. ज्यांची पहिलीच बुडी आहे त्यांनी तर कॅमेरा हातात घेऊच नये. तो त्या मालवणी तरुणाकडे राहू द्यावा आणि आपण डोळ्यांनी पाहावे. डोळ्यांना रोळ लागत नाही.

आणि पायांखाली काय आहे तेही पाहावे. फोटोत ताठ उभे राहता यावे म्हणून प्रवाळावर पाय रोवणारी माणसे असतात. त्यांना तो दगड वाटतो. तो दगड जिवंत असतो, आणि त्याच्या कित्येक जाती वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. पायाचा एक ठसा म्हणजे कुणाची तरी वीस-पंचवीस वर्षांची मिळकत. मासे फोटोत यावेत म्हणून पाव चारणारेही असतात. माशाला पाव ही आपल्या कल्पनेतली मेजवानी. त्याचे जेवण तिथेच ताजे वाढलेले असते.

हे सगळे सांगायचे कारण त्या ड्राय टॉर्टुगासमध्ये आहे. लाँगले आणि मार्टिन यांनी जिथे फोटो काढले त्या फ्लोरिडाच्या समुद्रात २०२३ च्या उन्हाळ्यात पाणी इतके तापले, की हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या असलेले प्रवाळ, ज्यांनी तिथल्या भिंती हजारो वर्षे रचल्या, ते जवळजवळ नाहीसे झाले. १९२६ साली अंग भाजून घेऊन माशाचे रंग वर आणणाऱ्या त्या दोघांच्या मनात हा विचार असण्याचे कारण नव्हते. त्यांना फक्त खाली जे होते ते जसेच्या तसे हवे होते. आज ते फोटो म्हणजे साक्षीपुरावा आहे. वकील टॉमसनला हा शब्द आवडला असता.

म्हणून शेवटची सूचना. 'मागे समुद्र, पुढे आम्ही' असे फोटो खुशाल काढा. हौस आहे, पैसे दिले आहेत. पण एक, निदान एक फोटो असा काढा की ज्यात आपण नाही. एखादा मासा, प्रवाळाचा एक कोपरा, जवळून, नीट. आणि पूर्वी आल्बममधल्या फोटोंच्या पाठीवर आपण निळ्या शाईने लिहीत असू तशी त्यावर जागा आणि तारीख लिहून ठेवा. कधी काळी कुणाला तरी ते पाहायचे असेल, की इथे काय होते.

आणि त्या फोटोत आपण नाही म्हणून हळहळू नका. जगातल्या पहिल्या पाण्याखालच्या फोटोतही टॉमसन कुठे आहे? तो वर होडीत बसला होता, पेटीतले पाणी काढत.